लेकीची पाळी, गौरी-गणपती आणि पॅड-कप-टॅम्पॉनचा घोळ

चिंचगुळी

मंडळी, जरा लांबलचक होणारे, सांभाळून घ्या.

लेक साडेबारा वर्षांची, सातवीत. जूनमध्ये तिची पाळी सुरू झाली. शाळेतून आली, दप्तर टाकलं, "आई, माझं आलं" एवढंच म्हणाली आणि फ्रीज उघडून उभी राहिली. मी वर्षभर आधीपासून सगळं सांगून ठेवलेलं त्यामुळे रडारड काही झाली नाही, उलट मीच बाथरूममध्ये जाऊन दोन मिनिटं रडून आले, का ते विचारू नका.

आता प्रश्न. एक तर ती आठवड्यातून चार दिवस पोहायला जाते. मागच्या वेळी सहा दिवस बुडवले, सरांना "पोट दुखतंय" सांगून. तिने कुठल्यातरी रीलमध्ये पाळीत वापरायचा कप बघितलाय आणि मागे लागलीये की मला तो आण. मी स्वतः पंचवीस वर्षं पॅडवाली, त्याने मांडीला रॅश येतो तरी पॅडवालीच, मला कपातलं ओ की ठो कळत नाही. साडेबारा वर्षांच्या मुलीला कप चालतो का? टॅम्पॉन (तो आत सरकवायचा कापसाचा बोळा)? काही "होत" नाही ना त्याने? (काय विचारतेय ते कळलं असेल.)

दुसरं म्हणजे यंदा (२०२५) ३१ ऑगस्टला गौरी येतायत आणि आमच्या सासरच्या गौरी सातारा जिल्ह्यात गावी असतात. ठाण्यात आम्ही काही पाळत नाही, वन बीएचकेत बाजूला बसणार तरी कुठे, सोफ्याच्या पलीकडे गॅलरीच आहे. पण गावी सासूबाई कडक. मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी माडीवर बसून खालच्या आरत्या ऐकलेल्या आहेत. तर काल फॅमिली ग्रुपवर जाऊबाईंनी लिहिलं, "पोरीची तारीख त्याच सुमारास येतेय ना, गोळी देऊनच आण, म्हणजे घोळ नको." त्यावर दोन जणींनी अंगठा दाखवला. माझ्या लेकीची तारीख दीर-नणंदांच्या ग्रुपवर! ग्रुपमध्ये चुलत सासरे पण आहेत हो.

पाळी पुढे ढकलायची गोळी द्यायची नाही हे मी ठरवलंय पण मला ते नीट, शांतपणे, कारणासकट सांगायचंय. सासूबाई वाईट नाहीत, नातीवर जीव आहे. कसं करू?

पोहणारीची_आई

अगं सेम टू सेम. माझी लेक आता पंधराची आहे, पुण्यात स्टेट लेव्हलला पोहते. पॅड लावून पाण्यात जायचं नसतं हे आधी सांगते, मी पहिल्यांदा तो वेडेपणा केलाय, पॅड पूलचं पाणी पिऊन उशीएवढं झालं आणि पोरगी पायऱ्या चढून वर येईना. तिचा चेहरा अजून आठवतो मला.

आम्ही आधी पिरियड स्विमवेअर (रक्त शोषणारा पोहण्याचा पोशाख) घेतलं. हलक्या दिवसांना ठीक, दुसऱ्या दिवसाला पुरत नाही. मग टॅम्पॉन, सगळ्यात कमी शोषणारा, लहानातला लहान. पहिले तीन पाकिटात परत गेले, चौथा बसला. मी बाथरूमच्या दाराबाहेर स्टुलावर बसून सूचना देत होते, आतून "आई तू गप्प बस" असं येत होतं. पोहून आलं की लगेच काढायचा, ती दोरी ओली होतेच. कप तिने चौदाव्या वर्षी स्वतः मागितला.

तुझ्या लेकीने आत्ताच मागितलाय म्हणजे ती तुझ्यापेक्षा धीट आहे, तेवढं लक्षात घे.

बंड्या_पुणेरी

पुरुष आयडी आहे, चालेल ना? बायकोसाठी मीच आणतो पॅड. गेली अकरा वर्षं एकाच केमिस्टकडून. तो माणूस कंडोमचं पाकीट काउंटरवर उघडं ठेवतो पण पॅड आधी पेपरात गुंडाळतो, मग काळ्या पिशवीत घालतो, मग पिशवीला गाठ मारतो. मी एकदा म्हटलं असंच द्या, तर म्हणाला "साहेब, बरं दिसत नाही". रस्त्यावर काळी पिशवी घेऊन चालणारा माणूस काय घेऊन चाललाय हे अख्ख्या पेठेला कळतं ही गोष्ट वेगळी.

बाकी मुद्द्याबद्दल, जुन्या लोकांनी बाजूला बसायला लावलं ते विश्रांती मिळावी म्हणून असं ऐकलंय. तेव्हा एकत्र कुटुंब, ढीगभर काम, तेवढेच चार दिवस आराम. नंतर त्याचं सोवळं-ओवळं झालं. पटतंय का?

आजीबाई_६८

बंडोपंत, नाही पटत. सांगते.

माझं गाव कोल्हापूर जिल्ह्यात. मला न्हाण आलं तेव्हा केळीच्या खांबांचं मखर बांधलं होतं, हिरवी साडी, हातभर बांगड्या, पाच बायकांनी ओटी भरली, गावभर कळलं की अमक्याची पोर शहाणी झाली. मला वाटलं काहीतरी मोठं बक्षीस मिळालंय. पुढच्या महिन्यात त्याच बायकांनी मला पडवीत गोणपाट दिलं आणि ताटली वेगळी. पाणी प्यायचं तर ओंजळ धरायची, वरून ओतायच्या. मखर एकदाच, गोणपाट दर महिन्याला.

आणि आराम? पडवीत आराम कुठला. घरात शिवायचं नाही म्हणून मला शेतात धाडायच्या. भांगलायला चालायचं, शेणी थापायला चालायचं, घरातली सगळी धुणी ओढ्यावर न्यायला चालायचं. लोणच्याची बरणी नासायची माझ्या हाताने, पण जोंधळा काही नासला नाही कधी. तुळशीला विटाळ होतो आणि शेताला होत नाही, हे कोडं मला सत्तर वर्षं जवळ आली तरी सुटलेलं नाही.

आमच्या वेळी घडी घ्यायच्या. आईच्या जुन्या लुगड्याची. मऊ असायची, त्याबद्दल तक्रार नाही, आताच्या प्लास्टिकपेक्षा अंगाला बरीच म्हणायची. दुखणं वाळवण्याचं होतं. कुणाच्या नजरेला पडायची नाही म्हणून गोठ्यात वैरणीच्या मागे दोरी बांधलेली, तिथे ऊन नाही वारा नाही, पावसाळ्यात तर तीन-तीन दिवस ओलीच, तीच परत घ्यायची. मांड्या काचून सोलून निघायच्या. खाज सुटायची ती कुणाला सांगायची सोय नाही. कापड चांगलंच होतं गं, ते लपवावं लागायचं म्हणून आम्ही भोगलं.

निरगुडी

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पण हा सल्ला म्हणजे तपासणी नव्हे हे धरून चाला.

आजीबाई, तुमच्या शेवटच्या वाक्याची पाटी करून दवाखान्यात लावावीशी वाटते. कापड स्वच्छ धुतलेलं, उन्हात कडक वाळलेलं असेल तर ते कुठल्याही पॅडइतकं सुरक्षित आहे. आणि कापड काही इतिहासजमा झालेलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते २४ वयोगटातल्या साधारण ६४ टक्के मुलींनी सॅनिटरी नॅपकिन वापरते म्हणून सांगितलं आणि ५० टक्क्यांनी कापड. बेरीज शंभरच्या वर जाते कारण पुष्कळ जणी दोन्ही वापरतात, घरी कापड, कॉलेजला पॅड. कप वापरणाऱ्या एक टक्कासुद्धा नव्हत्या.

चिंचगुळी, आता तुमचे प्रश्न.

गोळी. ती बहुधा नॉरएथिस्टेरॉन असते. पाळीच्या अंदाजे तीन दिवस आधी सुरू करतात, बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. म्हणजे तारीख नक्की माहीत असेल तरच तिचा उपयोग. पहिल्या एक-दोन वर्षांत मुलींची पाळी एकवीस दिवसांनीही येते, पंचेचाळीस दिवसांनीही येते, बऱ्याचदा अंडंच सुटत नाही, शरीर अजून सराव करत असतं. तुमच्या लेकीची "तारीख" जाऊबाईंना माहीत असेल तर त्या ज्योतिषी आहेत, कारण ती लेकीच्या शरीरालाही माहीत नाही. शिवाय हे हॉर्मोन आहे, मळमळ, डोकेदुखी होते, रक्ताच्या गुठळ्यांची किंवा यकृताची तक्रार असलेल्यांना देत नाहीत. श्रावण-भाद्रपदात माझ्याकडे अर्धी ओपीडी याच गोळीसाठी असते, आणि कितीतरी जणी मला न विचारता केमिस्टकडून परस्पर घेऊन आलेल्या असतात. मोठ्या बाईने समजून-उमजून घेतली तर तिचा निर्णय. साडेबारा वर्षांच्या मुलीला सणासाठी मी तरी लिहून देणार नाही. हे असंच्या असं ग्रुपवर टाका.

कप. वयाची अट नाही. मेडिकल ग्रेड सिलिकॉनचा, लहान मापाचा घ्यायचा. पाळी सुरू होताना पाच-सात मिनिटं उकळायचा, हात धुवायचे, घडी घालून आत सरकवायचा, आत गेल्यावर तो उघडतो आणि चिकटून बसतो. फ्लो बघून आठ ते बारा तासांनी रिकामा करायचा. काढताना दांडी धरून खेचायचं नाही, बूड चिमटीत धरून आधी हवा आत जाऊ द्यायची, नव्वद टक्के आरडाओरडा यामुळेच असतो. २०१९ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थमध्ये ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात गळती पॅड-टॅम्पॉनइतकीच किंवा कमी आढळली. पण सवय व्हायला दोन ते पाच महिने लागतात, त्याची तयारी हवी. तांबी बसवलेल्या मोठ्या बायकांनी आधी डॉक्टरांना विचारा, काढताना तांबी ओढली जाऊ शकते.

टॅम्पॉन चार ते आठ तासांच्या वर ठेवायचा नाही. टॉक्सिक शॉक (जंतूंच्या विषाने अचानक येणारं गंभीर आजारपण) दुर्मीळ आहे पण आहे, त्यामुळे रात्री लावून विसरून गेलं असं नको.

आणि तुम्ही कंसात जे विचारलंत ते. त्या जागी पडदा वगैरे नसतो. लवचिक कड असते, आधीच मधे मोकळी, नाहीतर पाळीचं रक्त बाहेर कुठून आलं असतं? सायकल, पोहणं, टॅम्पॉन, कशाने ती थोडी ताणली गेली तर गेली. कौमार्य म्हणून तपासता येईल अशी गोष्ट शरीरात नाही. आयांना हे सांगताना मला दर वेळी आवाज जरा चढवावा लागतो, माफ करा.

तिरपागडी

गौरींचं बघू नंतर, त्याच्या आधी ऋषिपंचमी आहे ना, २८ ला. सगळे मिटक्या मारत ऋषीची भाजी खातात, अळू, भेंडी, मक्याचं कणीस, बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, काय छान पर्यावरणपूरक सण वगैरे पोस्टी पडतात. ते व्रत मुळात कशासाठी आहे विचारा एकदा. पाळीच्या दिवसांत बाईकडून चुकून शिवाशिव झाली असेल त्याच्या पापातून सुटका व्हावी म्हणून. कहाणीतली बाई पाळीत घरात वावरली म्हणून पुढच्या जन्मी कुत्री झाली आणि नवरा बैल. नवऱ्याचा दोष काय तर तिचा संसर्ग! मी हे आईला सांगितलं तर म्हणाली "असू दे, भाजी चांगली लागते ना." त्यावर काय बोलणार, भाजी खरंच चांगली लागते.

बीडकर_८५

विश्रांतीचा मुद्दा निघाला म्हणून. आमच्या भागातल्या ऊसतोड बायकांना विचारा विश्रांती. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एका दिवसाचा खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, पाळी असो नाहीतर ताप. पालावर संडास नाही, पाणी नाही, पहाटे चारला फडात. कापड बदलायचं कुठे, धुवायचं कशात? मग अंगावरून जाणं, ओटीपोट दुखणं, आणि डॉक्टर म्हणणार गर्भपिशवीच काढून टाका, म्हणजे कटकट मिटली. २०१९ साली यावर विधान परिषदेत ओरड झाली तेव्हा आमदार नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली तर १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यात तिशी-पस्तिशीच्या पण आहेत. माझी सख्खी मावशी आहे त्या आकड्यात. ऑपरेशनला काढलेली उचल फेडायला ती पुढच्या हंगामाला परत तोडीला गेली.

कप की टॅम्पॉन ही चर्चा वाईट नाही, करा. पण कप धुवायला एक तांब्या स्वच्छ पाणी आणि एक दाराची कडी लागते, ते पण लिहा कुणीतरी.

बंड्या_पुणेरी

आजीबाई, बीडकर, मुद्दा मागे घेतो. आईला फोन करून विचारलं आत्ता. ती म्हणाली, "विश्रांती कसली, बाहेर बसून चार शेर तांदूळ निवडायला द्यायच्या." न शिजलेल्या तांदळाला चालतं म्हणे.

ग्लासगोकर

इथे स्कॉटलंडमध्ये ऑगस्ट २०२२ पासून कायदाच आहे, पॅड-टॅम्पॉन फुकट. लायब्ररीत, शाळेत, स्विमिंग पूलच्या टॉयलेटमध्ये टोपलीत ठेवलेले असतात, घ्या आणि जा. लेकीच्या शाळेत धुवून वापरायचे पण मिळाले. आणि मी? मागच्या वर्षी मंडळाच्या गणपतीत पाळी आली तर कुणाला न सांगता हळूच नैवेद्याच्या रांगेतून मागे सरकले. कुणी विचारलं नव्हतं, कुणाला कळणार नव्हतं. पायच मागे गेले. लेकीने बघितलं आणि विचारलं, "मम्मा, आपण लपतोय का?" मला उत्तर देता आलं नाही, प्रसादाचे द्रोण मोजायला गेले.

सेक्रेटरी_बी_विंग

वापरून झाल्यावरचं कुणीच बोलत नाहीये. आमच्या सोसायटीत ५६ फ्लॅट. कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंनी मीटिंगमध्ये (मी मुद्दाम बोलावलं होतं) एवढंच सांगितलं, "उघडं टाकता, आम्ही हाताने वेचतो, मग त्याच हाताने डबा खातो." सगळे खाली बघायला लागले. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेने पेपरात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची मोहीम चालवली होती, म्हणजे वेचणारीला न उघडता कळतं. त्याआधी २०१३ मध्ये तर त्यांनी वापरलेल्या पॅडच्या पिशव्या कंपन्यांनाच परत पाठवल्या होत्या. २०१६ च्या घनकचरा नियमांत कंपन्यांनी गुंडाळायला पिशवी द्यावी असं आलं, आता बऱ्याच पाकिटांत येते. आमच्याकडे ठिपका सुरू झाला, त्यासाठी लिफ्टपाशी लाल मार्कर टांगला तर एका काकांनी लेखी आक्षेप घेतला की लहान मुलं विचारतात हे काय. विचारू देत की!

धुवून वापरायचे कापडी पॅड, कप, पिरियड पँटी, काहीही घ्या, कचऱ्याच्या ताईंच्या बाजूने माझं मत त्यांना.

मितवा_नाही

पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून. पॅडवरचा १२ टक्के जीएसटी जुलै २०१८ मध्ये गेला. जनऔषधी केंद्रात सुविधा नावाचे पॅड एक रुपयाला एक मिळतात, ते मी वापरते, रात्री पुरत नाहीत पण दिवसा मस्त. कप मी साडेतीनशेला घेतला होता, चार वर्षं झाली. चहाच्या टोपात उकळला म्हणून सासूने ते टोप भंगारात घातलं, त्याचे चारशे धरा. यावरून बोध घ्या, कपासाठी वेगळं भांडं.

चिंचगुळी

सगळ्यांना मनापासून थँक्यू. गावाहून परत आले, काय झालं ते सांगते कारण बऱ्याच जणींनी विपूत (माझ्या पानावरच्या विचारपुशीत) विचारलंय.

निरगुडी, तुमचा गोळीचा परिच्छेद ग्रुपवर टाकला. ज्योतिषीवालं वाक्य गाळलं. जाऊबाईंनी "ओके" लिहिलं, बाकी कुणी काही नाही, आणि मग चुलत सासऱ्यांनी गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल टाकून विषय बदलला.

कप लेकीने सध्या नको म्हटलं. मी तिला सगळ्यांचे अनुभव वाचायला दिले, आजीबाईंचं दोनदा वाचलं तिने. म्हणाली आधी पँटी आणि कापडी पॅड बघू, पोहायला टॅम्पॉन, कप दहावीनंतर. दहावीनंतर का ते माहीत नाही, तिच्या डोक्यात सगळंच दहावीनंतर आहे.

आणि व्हायचं तेच झालं, गौरी यायच्या दिवशी सकाळीच आली हिची. मी सासूबाईंना स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, आवाज जरा कापत होता माझा, की तिला माडीवर पाठवणार नाही, तुम्हाला मखराजवळ नको असेल तर ती लांबून बघेल, पण ताट वेगळं नाही आणि खोली वेगळी नाही. त्या पुरण वाटत होत्या. वाटतच राहिल्या. मग म्हणाल्या, "कोथिंबीर निवडून दे म्हणावं तिला. फोडणीला मी बघते." म्हणजे कोथिंबिरीला चालतं, फोडणीला नाही. नवीन नियम! गौरींना हात लावू दिला नाही, ओवाळायला नाही बोलावलं, ते मला लागलं आणि लेकीलाही लागलं. पण पंगतीत ती माझ्या शेजारी बसली आणि सासूबाईंनीच तिला वाढलं, पानाला हात टेकवून, सगळ्यांसमोर.

दुसऱ्या दिवशी तिने कापडी पॅड धुवून न्हाणीतल्या खुंटीवर अडकवले होते. दुपारी बघते तर सासूबाईंनी ते काढून अंगणातल्या दोरीवर टाकलेले, चक्क उन्हात. आणि त्यावरून स्वतःचं लुगडं पसरलेलं. मी काही बोलले नाही. अर्ध्या तासाने लेक गेली, हात लावून बघितलं, "हे असं वाळणार नाही" म्हणाली आणि लुगडं दोन हात बाजूला सरकवलं. सासूबाई ओट्यावरच बसल्या होत्या, वाती वळत. बघितलं त्यांनी. परत नाही झाकलं.

बरं, पोहणारीची_आई, तो लहानातला लहान टॅम्पॉन ठाण्यात दोन दुकानांत विचारला, दोन्हीकडे मोठाच आहे म्हणतात. तू ऑनलाइन घेतेस का? सोमवारपासून परत पूल आहे.